पोटावरची उशी

गल्लीत पिंजारी आला आणि कापसाचा वास सुटला की मला पेंग्विन आठवतात. बाबांची मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं, आणि शेजाऱ्यांकडे नवीनच केबल आली होती. तिथे मी ते पक्षी पहिल्यांदा पाहिले. समुद्रातून भरपेट मासे खाऊन आलेले लठ्ठ पेंग्विन डुलत, धडपडत चालत होते, आणि किनाऱ्यावर अंडी उबवत कित्येक आठवडे उपाशी राहिलेले मात्र नीट तोल सांभाळून. मला हे उलटंच वाटलं. उपाशी असेल तोच झोकांड्या खाईल ना? घरी येऊन बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "थांब, करूनच बघू." त्यांनी जाडजूड उशी सदऱ्याच्या आत कोंबली, वरून बटणं लावली आणि खोलीभर चालून दाखवलं. "बघ, भार पुढे गेला की अंग मागे टाकावं लागतं. मग डुलणारच ना!" कणीक मळता मळता आई हसून लोटपोट झाली. "अहो, मिल चालू होती तेव्हा अस्सेच तर चालायचात तुम्ही!" बाबाही हसले. त्यांनी उशी काढली, तसा सदरा पोटावर सैल लोंबला. मग ते पाणी प्यायला माठापर्यंत गेले, अगदी सरळ, जराही न डुलता. आईचं हसू थांबलं. तिने परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं. आता माझं पोट सुटलंय, आणि माझी मुलगी माझ्या मागे चालताना खिदळते, "मम्मी, तू तर पेंग्विनच!" मग मी मुद्दाम जरा जास्तच डुलते.