वायफायवाली आडवी झाली

घरोघरी वायफायच्या डब्या बसवते म्हणून तिला सगळे वायफायवालीच म्हणत. कामाला वाघीण, पण तिची एक खोड होती. माणूस फोन घेऊन जिथे बसणार, तिथे स्वतः बसून रेंज बघितल्याशिवाय ती घर सोडायची नाही.

आत्याबाईंकडे तिने डबी घरातल्या बोळात ठोकली. खोलीच्या दारात रेंज झकास. "झालं की मग!" भाचा म्हणाला. पण आत्याबाई मांडीचं हाड मोडून पलंगाला खिळलेल्या. दूरदेशीच्या लेकीला बघायला जीव आसुसलेला, आणि व्हिडिओ फोन लावला की लेक अर्ध्या शब्दात गोठायची.

"सरका जरा, आत्याबाई," म्हणत वायफायवाली चपला काढून खुशाल शेजारी आडवी झाली.

"अगं, लाज आहे की नाही?"

"लाज राहू द्या, फोन द्या."

उशीला डोकं टेकलं आणि रेंज गुल! मधे लोखंडी कपाट आडवं येत होतं. तिने डबी उखडली, भोकं बुजवली, डबी खोलीच्याच छताला बसवली आणि घाम पुसत पुन्हा येऊन पडली.

फोन लागला. लेक न अडखळता हसली. "आई, शेजारी कोण गं झोपलंय?"

"वायफायवाली. तू येत नाहीस, मग जागा रिकामी कशाला ठेवू?"