पिशव्यांपाशी कोण बसणार?

आमच्या घरात समुद्रावर जायचं ठरलं की पहिला प्रश्न गाडीचा आणि दुसरा खाण्याचा. पिशव्यांपाशी कोण बसणार, हा तिसरा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. त्याचं उत्तर स्वयंपाकघरात तिखटामिठाच्या पुऱ्या लाटत उभं असायचं.

लग्न होऊन मी ठाण्याहून डोंबिवलीत आले तेव्हापासून बघतेय, दर जानेवारीत एक दिवस आमचं सगळं खानदान केळव्याला जातं. सकाळी अंधारात गाडी सुटते, भिवंडीच्या खड्ड्यांत हाडं खिळखिळी होतात, मनोरला मिसळ होते आणि ऊन चढायच्या आत सुरूच्या झाडांखाली सतरंजी पडते. मग चपला भिरकावून सगळे पाण्याकडे पळतात. सतरंजीवर पिशव्या, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि मी एवढं उरतं. आठवड्यातले सहा दिवस बँकेत लोकांच्या लॉकरपाशी बसायचं आणि सुटीच्या दिवशी इथे येऊन ह्यांच्या पिशव्यांपाशी. हवापालट म्हणतात तो हाच असावा.

आता तुम्ही म्हणाल, बाईला पाण्याची हौस नसेल. म्हणून आधीच सांगून टाकते. मला पोहता येत होतं आणि चांगलं येत होतं. माझं माहेर टेंभी नाक्याजवळ. वडील कोर्टात कारकून, पण पोरीला पोहता आलंच पाहिजे यावरून ते आजीशी भांडले होते आणि चक्क जिंकलेही होते. पालिकेच्या तरणतलावात मी शिकले, कॉलेजातून स्पर्धांना उतरले. सुटीत वडील समुद्रावर न्यायचे तेव्हा लाटांच्या पलीकडे जाऊन मी पाण्यावर उताणी पडून राहायचे. कान पाण्यात आणि वर नुसतं आभाळ. खाली किती खोल आहे हा विचारसुद्धा डोक्यात यायचा नाही. दाखवायच्या कार्यक्रमात सासूबाई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे दरवर्षी केळव्याला जातात. मला वाटलं, चला, माणसं बरी दिसतात. कप्पाळ माझं.

पहिल्या वर्षी मी नवी नवरी. पाण्यात उतरण्याआधी सासूबाईंनी हातातल्या पाटल्या आणि गळ्यातलं काढलं, रुमालात गाठ मारली आणि रुमाल माझ्या ओटीत ठेवला. "घरचं माणूस असलं की जिवाला घोर नाही," म्हणाल्या. त्यांच्या मागून जाऊबाईंनीही बांगड्या उतरवल्या. खरं सांगते, मला भरून आलं होतं. घरात येऊन महिना झाला नव्हता आणि घरातलं सोनं माझ्या ओटीत. मी दोन्ही हात रुमालावर ठेवून पाठ ताठ करून बसून राहिले. पहारेकरी नेमलाय हे कळायला पुढची दोन वर्षं जावी लागली.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते. तिसऱ्या वर्षी मूल मांडीवर. मग मूल पाण्यात जाण्याइतकं मोठं झालं आणि बापाचं बोट धरून पाण्यात गेलं. जाऊबाईंना बसायला सांगावं तर त्यांना उन्हाने पित्त होतं. पाण्यात तासभर उभं राहिलं तर होत नाही, सतरंजीवर बसलं की होतं. पुढे सासूबाईंचे गुडघे गेले आणि त्या खुर्ची टाकून किनाऱ्यावर बसायला लागल्या. मला वाटलं, सुटले. त्या बसल्याच आहेत ना पिशव्यांपाशी? पण नाही. आता त्यांच्यापाशी कोणीतरी बसायला हवं होतं.

पिशवीच्या तळाशी माझा एक जुना पंजाबी ड्रेस असायचा, भिजायला म्हणून नेलेला. तो घडीही न मोडता परत येऊन कपाटात जायचा.

एकटी बाई सामानापाशी बसलेली दिसली की अख्ख्या जगाचा तिच्यावर विश्वास बसतो. "ताई, जरा आमच्याकडेही लक्ष असू द्या हं," म्हणून परकी माणसं येऊन चपला, चष्मे, कोणी तर आजोबांची कवळीसुद्धा ठेवून गेलीत. एका वर्षी शेजारच्या सतरंजीवरच्या बाईने मायेने विचारलं, "अडचण आहे का हो?"

"आहे," मी म्हटलं. "कायमची आहे."

तिने बिचारीने मला डॉक्टरचं नाव सुचवलं.

टिटवाळ्याच्या गणपतीलाही तेच. सगळे रांगेत लागायचे आणि मी बाहेर चपलांपाशी. त्यांचं दर्शन झालं की "जा, पटकन जाऊन ये," असं मला सांगायचे, कारण तोवर सगळ्यांना भूक लागलेली असायची. त्या गणपतीला मी नीट डोळे भरून कधी बघितलं असेल तर आईबरोबर, लग्नाआधी.

मी मुकाट बसले असं नाही. मुलगा चौथीत असेल तेव्हा, केळव्यालाच, मी ह्यांना म्हटलं, "अहो, आज तुम्ही बसा थोडा वेळ. मी जाऊन येते."

हे हसले. "अगं, तू लहानपणापासून पाण्यातच होतीस. तुला काय त्याचं? आम्हाला वर्षातून एकदा मिळतं."

काय न्याय आहे बघा. तुला येतं, म्हणून तू जाऊ नकोस. आणि हे काही दुष्टपणाने बोलले नव्हते, तीच तर पंचाईत. दारू नाही, शिवी नाही, पगार घरात, वर माणूस हसतमुख. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून? समुद्रावरून? माहेरी सांगितलं असतं तर आईनेच मला वेड्यात काढलं असतं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी वाळूने भरलेले टॉवेल दगडावर आपटून आपटून धुतले. "जरा हळू, फाटतील," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई गेल्या त्या वर्षी कोणी कुठे गेलं नाही. पुढच्या जानेवारीत गेलो तेव्हा मी तो ड्रेस घरूनच घालून निघाले होते. सतरंजी पडली आणि जाऊबाईंनी बांगड्या काढून रुमालात बांधल्या. "आई म्हणायच्याच," त्यांचे डोळे भरून आले, "तुझ्यासारखं विश्वासाचं माणूस नाही." गेलेल्या माणसाचा दाखला दिल्यावर पुढे काय बोलणार? घेतला रुमाल, बसले.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं. सून डोंबिवलीच्याच बाजूच्या गावातली, इथल्या जुन्या आगरी घरातली. तिचे आजोबा मिठागरात राबले, आता त्यांच्या शेतावर टॉवर उभे आहेत. लग्नात पोरीच्या अंगावरचं सोनं बघून आमच्या जाऊबाईंचं जेवणावर लक्ष नव्हतं. पण ह्या जानेवारीत ती केळव्याला आली ती कानात साधे खडे आणि गळ्यात काळा दोरा घालून.

"अगं, तुझं सोनं कुठेय?" जाऊबाईंनी विचारलं.

"बीचवर सोनं घालून कोण येतं, काकू?" ती सहज म्हणाली. "घरी ठेवलंय ना."

इतकी साधी गोष्ट. इतक्या वर्षांत आमच्या शिकल्यासवरल्या घरात हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. जाऊबाईंनी आपल्या बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या. मग सतरंजी झटकत म्हणाल्या, "चला, सुटलीस बाई एकदाची. आता सूनबाई बसेल पिशव्यांपाशी."

कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या मुलाने, माझ्या पोटच्या पोराने, खिशातला फोन काढून बायकोच्या मांडीवर टाकला आणि तो बापामागून पळत सुटला. तो मागे वळून बघेल म्हणून मी थांबले होते. नाही बघितलं त्याने.

"बसते मी, आई," पोरगी म्हणाली. "तुम्ही जा ना. तुम्ही कधी जात नाही, मी ऐकलंय."

आणि मी गेले. तिला नको म्हणायला हवं होतं, पण इतकी वर्षं पुढ्यात दिसणारं पाणी होतं ते, आणि पाय आपोआप चालायला लागले. ओली वाळू लागली, पहिली लाट घोट्यावर आली. ऊन चांगलं तापलेलं आणि पाणी गार. इतकं बरं वाटलं की लाज वाटली. तेवढ्यात ह्यांनी मला बघितलं.

"अगं, तू इथे? मग पिशव्यांपाशी कोण?"

"तुमची सून."

"मग ठीक आहे," हे म्हणाले आणि पुढच्या लाटेकडे तोंड करून उभे राहिले.

ते "ठीक आहे" माझ्या डोक्यात गेलं. मी मागे वळून बघितलं. सुरूच्या सावलीत पोरगी बसली होती, मांडीवर सगळ्यांचे फोन, त्यांवर दोन्ही हात, पाठ ताठ. मी तशीच उलट्या पावली सतरंजीपाशी गेले.

"ऊठ."

"आणि बॅगा?"

"बॅगा गेल्या खड्ड्यात. ऊठ म्हणते ना."

फोन पिशवीत कोंबले, जाऊबाईंचा रुमालही त्यातच टाकला आणि तिचा हात धरून तिला ओढतच नेलं. जाताना ती दोनदा मागे बघत होती. मी नाही बघितलं.

कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर ती म्हणाली, "मला पोहता नाही येत, आई. खाडीच्या काठावर राहून पण पोरींना कोणी शिकवलं नाही. तुम्ही शिकवा ना."

"पोहणं नंतर," मी म्हटलं. "आधी तरंगायचं. सगळ्यात सोपं असतं. अंग सैल सोडायचं, बाकीचं पाणी करतं. बघ."

मी मागे अंग टाकलं. कान पाण्यात गेले, तो घूं आवाज आला, वर आभाळ दिसलं आणि माझ्या मनात आलं, खाली किती खोल असेल? संपलं. पाय खाली ओढल्यासारखे गेले, अंग दगड झालं, तोंडावरून लाट गेली. मी हातपाय झाडले पण तळ सापडेना. कमरेएवढं पाणी होतं हो ते! नाकातोंडात खारट पाणी, डोळ्यांपुढे हिरवं, आणि मग तिने माझा दंड पकडून मला वर खेचलं.

मी घाबरले होते. मला पाण्याची भीती वाटली होती, मला. खोकता खोकता मला रडू फुटलं आणि ते भीतीचं नव्हतं, रागाचं होतं. कोणीतरी माझं काहीतरी नेलं होतं आणि मी तिथेच, डोळ्यांत तेल घालून राखण करत बसले होते.

हे पाण्यातून चालत आले. माझ्या पाठीवरून हात फिरवला, खूप प्रेमाने. "बघितलंस? वय काय, करतेस काय? बरं झालं, एवढी वर्षं उतरली नाहीस ते."

"एवढी वर्षं उतरले असते ना," मी म्हणायला गेले, पण खोकल्याने पुढचं वाक्य बाहेर येईना. सून पाठ चोळत होती. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आमच्या दोघींच्या डोक्यांवरून किनाऱ्याकडे.

"अगं, म्हणजे पिशव्यांपाशी कोणीच नाही?"

आणि हे पळाले. कंबरदुखीने रिक्षात चढताना कण्हणारा माणूस, गुडघे उंच उचलत, पाणी उडवत पळाला. मी खोकतच होते. माझ्याकडे येताना मात्र हे चालत आले होते. सतरंजीपाशी पोचून त्यांनी वाकून एकेका पिशवीला हात लावला, रुमाल बाहेर काढून गाठ चाचपली. मग सरळ उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि तिथूनच, हसऱ्या चेहऱ्याने, मला ओरडून सांगितलं, "काही गेलं नाही गं. सगळं आहे."