चिंचेने घासलेली काडतुसं

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी. आजचं काम: काडतुसं निवडणे.

रविवारी इथे जर्मनीत आमच्या नेमबाजी क्लबात जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा होती. क्लबातल्या एका जर्मन आजोबांची ती शेवटची. डोळे अधू झाले होते, नंतर ते बंदुकीचा परवाना परत करणार होते. बायको असताना दोघं ज्या शिलकी लष्करी मालातली काडतुसं वापरायचे, तीच त्यांना शेवटी झाडायची होती. कायझर्सलाउटर्नच्या एका दुकानात तसा माल आला, तेव्हा आजोबांनी आणि मी जाऊन एक डबा आणला. त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून निवड माझ्याकडे.

शिलकी माल भेंडीसारखा घ्यावा. ढिगाला भुलू नये, एकेक हातात घेऊन बघावी. चुंबक मी दुकानातच लावलं होतं. ज्या गोळीला ते चिकटतं तिच्यात पोलाद असतं, ती आमच्या रेंजवर चालत नाही. बाकीचं घरी. पितळेच्या मानेला केसाएवढी चीर आहे का, गोळी बोटांनी फिरते का, बुडाच्या टोपीभोवती ओल रोखणारं लाखेचं कडं शाबूत आहे का. हिरवा डाग पुसला गेला तर ठीक, नखाला खड्डा लागला तर बाद.

स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन ढीग झाले, चांगला आणि बाद. सासूबाई सिंकपाशी दिवाळीची पितळी भांडी घासत होत्या. तेवढ्यात इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने बेल वाजवली, तळघरातला हीटिंगचा मीटर दाखवायला बोलावलं. काडतुसं कपाटात कुलूपबंद करूनच जायचं असतं. मी ती टेबलावर तशीच ठेवून गेले.

परत आले तर टेबलावर पुण्याहून आणलेलं मोठं ताट, आणि त्यात समया-निरांजनांशेजारी सगळी काडतुसं झगझगत उभी.

"अहो आई, हे काय केलंत?"

"अगं, अर्धी हिरवी पडली होती. चिंच-मीठ लावलं, काथ्याने घासली. आता ओळख बघू कुठली जुनी!"

तेच तर ओळखता येत नव्हतं. ढीग एक झाले होते, लाख निघून गेली होती, आणि आत पाणी शिरलं की नाही हे बाहेरून कळत नाही. अख्खा डबा बाद. मी काडतुसं पुसून वेगळी कुलपात ठेवली. दुकानदार नष्ट करायला परत घेतो.

"कुणाची होती गं?" आईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. "म्हाताऱ्या माणसाचं शेवटचं... आणि मी मेली घासत बसले."

आजोबांना फोन करून मी सरळ सांगून टाकलं. त्यांनी विचारलं,

"चिंचेने पितळ खरंच निघतं?"

"हो."

"बरं, बरं. माझी बायको असती तर तिनेही घासलं असतं." मग म्हणाले, "तिचं काडतुसांचं एक पाकीट आहे माझ्याकडे, न उघडलेलं. उघडायचं नव्हतं. उद्या घेऊन येतो, तूच बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना गाडीत घालून रेंजवर नेलं. आजोबांनी पाकीट माझ्या हातात दिलं. आत पाच काडतुसं होती. चुंबक, मान, टोपी, नख. चार उत्तम. पाचव्याच्या मानेला चीर.

"हे नाही," मी म्हटलं.

"इतकी बारीक?"

"इतकी बारीक."

"तुझ्या जागी ती असती तर तिने दिलं असतं."

"तिने दिलं नसतं. तुम्हीच सांगायचात, ती तुमच्यापेक्षा कडक होती."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं पुटपुटत त्यांनी पाचवं म्हणून क्लबाचं नवं काडतूस घेतलं. मग पिशवीतून बायकोने नेमबाजीत जिंकलेला काळपट पितळी चषक काढून आईंपुढे ठेवला. आईंना जर्मन येत नाही. त्यांनी चषकावर अंगठा फिरवला आणि मला म्हणाल्या, "सांग त्यांना, लक्ष्मीपूजनापर्यंत घासून मिळेल."

मी सांगितलं. चारही काडतुसं आजोबांच्या उजव्या हाताशी ओळीने मांडली, आईंच्या कानांवर संरक्षक चढवले आणि दोघी मागच्या बाकावर जाऊन बसलो.