आठव्या दिवसाआधी

अफुआ पोकुआचा नियम कुमासीच्या त्या कचेरीत सगळ्यांना पाठ होता आणि पटत कुणालाच नव्हता. कुठल्या गटाचं रक्त कुठं शिल्लक आहे ते इस्पितळांना शोधून देणारं पायथन भाषेतलं कोडचं पॅकेज ती सांभाळायची. पॅकेजात पॅकेज, त्याच्या पोटात आणखी एक. नवं काम सात दिवस आतच राहायचं. आठव्या दिवशी त्याचं नाव सगळ्यात बाहेरच्या इनिट फाइलमध्ये, म्हणजे पॅकेजच्या दारावर यायचं, मग ते कुणीही आपल्या प्रोग्राममध्ये खुशाल इंपोर्ट करावं. आमच्यात बाळालाही आठव्या दिवशी नाव देऊनच घराबाहेर आणतात, मग कोडचे वेगळे लाड कशाला, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी ती एतो आणायची. पाम तेलात कुस्करलेला यामचा कंद, वर उकडलेली अंडी. नियम चालत होता तो या एतोच्या जिवावर.

शुक्रवारी तिनं शेजारच्या गावांतलं रक्त शोधणारा नवा कोड एका आतल्या पॅकेजातून दुसऱ्यात हलवला. तो तीनच दिवसांचा होता. नाव बाहेर आलेलं नाही म्हणजे वापरणारं कुणी नाही, असा तिचा हिशोब.

तेवढ्यात सुन्यानीच्या इस्पितळातून क्वाबेना न्तीचा फोन आला. तिथले प्रोग्राम तोच लिहायचा.

"अफुआताई, मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय! इथं बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये आणि तिच्या गटाची एक पिशवी नाही आमच्याकडे."

"नवा शोध वापरतोयस? परस्पर आतून उचललास?"

"शिव्या नंतर घाला हो!"

अफुआनं लगेच जुन्या जागी एक ओळ लिहिली, नव्या जागेवरून तेच नाव आणणारी. शोध चालला. जवळच्या टेचिमानला पिशव्या निघाल्या.

बाळंतीण वाचल्याचं कळल्यावर तिनं शिव्यांसाठी मुद्दाम फोन केला.

"आत घुसायला कुणी सांगितलं होतं रे तुला?"

"दारातूनच आलो असतो, ताई. दारात तुम्ही नाव लावलंच नव्हतं. तिला काय सांगू, आठवडाभर कळ काढ?"

अफुआला भयंकर राग आला. तो क्वाबेनावर नव्हता, म्हणून जास्तच आला. फोन कानाशी धरूनच तिनं ते नाव बाहेरच्या फाइलमध्ये लिहिलं. तिसऱ्याच दिवशी.

"आणि तिला मुलगी झालीय," क्वाबेना म्हणाला. "अफुआ."

"शुक्रवारी जन्मलेल्या मुलीला वाराचं नाव अफुआच पडतं. त्यात माझं काय कौतुक?"

पुढच्या शुक्रवारी, मोजून आठव्या दिवशी, तिनं भलं मोठं पातेलं भरून एतो आणला. सगळ्यांनी बाहेरची फाइल उघडून पाहिली. नवं नाव एकही नव्हतं.

"कुणासाठी हा?" कुणीतरी विचारलं.

"खा गुमान," अफुआ म्हणाली आणि डोळे पुसत अंडी वाढू लागली.