तपकिरी झालेली बाटली

चूक माझीच. दाढीच्या सामानाला जागा हवी म्हणून बायकोची, सुमनची, व्हिटॅमिन सी सीरमची बाटली मी कपाटातून काढली, उन्हाच्या खिडकीत ठेवली आणि विसरलो. आज पाहिलं, तर पाण्यासारखं नितळ सीरम चहासारखं तपकिरी झालं होतं.

"टाकून द्या," ती म्हणाली. "रंग बदलला की लावून उपयोग नसतो."

रोज सकाळी चेहरा धुऊन, कोरडा करून ती मोजके तीन थेंब लावायची. वरून सनस्क्रीन. हे सगळं सुरू झालं भाच्याच्या लग्नानंतर. तिथे फोटो काढताना मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "ही आता माझी थोरली बहीण दिसते." सगळे हसले. तीही हसली. मी स्वतः दर पंधरा दिवसांनी केस रंगवतो.

सुरकुत्या वयाने येतात म्हणे. तिच्या कपाळावरच्या किती माझ्या बोलण्याने आल्या, कोण सांगणार?

"नवीन बाटली आणतो."

"नको. थोरल्या बहिणीला कशाला हवंय सीरम?"

बाटली हातातच होती. म्हणालो, "सुमन, तेव्हा मी लोकांना हसवायला तुला वापरलं. चुकलो. मला माफ कर."