महालक्ष्म्यांच्या निऱ्या

मागच्या वर्षी तीजेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, आदल्या दिवशी काकूचा फोन आला. मी पार्लरमध्ये होते. नटायला आलेल्या एका बाईच्या पदराला पिना लावत होते. पिना तोंडात, फोन कानाशी. तिकडून आवाज आला, ‘‘पोरी, यंदा येशीन ना महालक्ष्म्यांना साड्या नेसवायला? माझे हात थरथरून राहिले आता.’’

पोरी! तीस वर्षं या बाईनं मला ‘तो’ म्हटलं, लग्नाकार्यात माझ्याकडे पाठ करून ‘यांचं ते’ म्हटलं. हात थरथरायला लागले तेव्हा मी पोरगी झाले. ‘‘पाहते,’’ म्हणून मी फोन ठेवला आणि रागाच्या भरात त्या बाईच्या खांद्यात पिन टोचली. ‘‘अरे दीदी, देख के!’’ ती ओरडली. चूक माझीच होती, तरी माफी मागायला माझी जीभ वळली नाही.

माझी हकीकत ऐकून लोक हमखास म्हणतात, किती नशीबवान तू, आईवडिलांनी साथ दिली. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. साथ दिली म्हणजे नेमकं काय झालं, हे कोणीच विचारत नाही. म्हणून सांगते.

जन्माच्या दाखल्यावर मी मुलगा. आईवडिलांना मी एकटीच. वडील हिंदी मुलखातल्या खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत तयार माल तपासण्याच्या कामावर होते, आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. मूळ घराणं वर्ध्याकडचं. वडील थोरले, म्हणून घराण्याच्या महालक्ष्म्या आमच्याकडे. काका रेल्वेत, ते आणि काकू शहरात ओमतीजवळ राहायचे आणि भाद्रपदात तीन दिवस आमच्याकडे यायचे. वर्षभर पेटीत ठेवलेले दोन पितळी मुखवटे चिंचेनं घासले जायचे, ज्येष्ठेचा आणि कनिष्ठेचा. गहू-तांदूळ भरलेल्या दोन उंच कोठ्या म्हणजे त्यांची शरीरं. त्या कोठ्यांना साड्या नेसवायच्या, आणि मग मुहूर्तावर वर मुखवटे बसवायचे.

साड्या नेसवायचं काम बायकांचं. खोलीत आडवी चादर बांधायची. चादरीच्या आत बायका, बाहेर पुरुष. साड्या नेसवून होईपर्यंत पुरुषांनी आत डोकावायचं नाही. मी मात्र रांगत होते तेव्हापासून आत. आधी पिनांची डबी धरायची, मग पदर धरायचा, आणि नऊ वर्षांची असताना निऱ्या घालायला लागले. कोठीला कंबर नसते, पाय नसतात, त्यामुळे निऱ्या घसरतात. माझ्या घसरत नसत. आई बोटांनी निऱ्यांच्या कडा चाचपून पाहायची आणि एखादी जरी लांब गेली तर म्हणायची, ‘‘पुन्हा घाल.’’ कौतुक करायची तिला सवय नव्हती. मला ते ‘पुन्हा घाल’ आवडायचं, कारण ते शब्द फक्त चादरीच्या आतल्या माणसाला ऐकू यायचे.

आमच्यात आणखी एक रीत होती. विसर्जनानंतर त्या साड्या घरच्या बायका नेसायच्या. ज्येष्ठेची आईची, कनिष्ठेची काकूची. बाहेरून जेवायला आलेल्या सवाष्णींना ब्लाउजपीस. साडी मिळाली म्हणजे तुम्ही घरच्या, ब्लाउजपीस मिळाला म्हणजे पाहुण्या. हे कोणी शिकवत नसे, सगळ्यांना ठाऊक होतं.

अकराव्या वर्षी काकू म्हणाली, ‘‘आता याला बाहेर बसवा ताई, शोभत नाही.’’ आईनं न ऐकल्यासारखं केलं. तेराव्या वर्षी काकू पुन्हा म्हणाली, आईनं पुन्हा ऐकलं नाही. चौदाव्या वर्षी मी एका रविवारी, जेवताना, सरळ सांगून टाकलं की मी मुलगी आहे. आईच्या हातातला घास हातातच राहिला. वडिलांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, ‘‘फॅक्टरीत माल मापात बसला नाही की नवीन पोरं पटकन रिजेक्टचा ठप्पा मारतात. मी म्हणतो, आधी गेज तपासा, मापच चुकीचं असेल.’’

हे ऐकायला छान आहे. मलाही तेव्हा छान वाटलं. पण तो गेज म्हणजे सगळी खमरिया होती, शाळा होती, फॅक्टरीची बस होती, आणि रोज त्याखालून जायचं मला होतं. वडील शाळेत दोनदा भेटून आले. हेडमास्तर त्यांच्याशी चहा पिऊन गोड बोलले, आणि मी होते त्या मुलांच्या बाकावरच राहिले. मधल्या सुट्टीत पोरं माझा डबा नळाखाली ओतायचे. घरी येऊन मी आईवर ओरडायची, कारण दुसऱ्या कोणावर ओरडायची सोय नव्हती.

एकदा आई मला कमानिया गेटच्या बाजारात बांगड्या घ्यायला घेऊन गेली. दुकानदारानं विचारलं, ‘‘किसके नाप की, अम्मा?’’ आईनं माझा हात धरून त्याच्या काउंटरवर ठेवला. तो माझ्या तोंडाकडे पाहून हसला आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून त्यानं टाळी वाजवली, ती तशी, मुद्दाम. चार माणसं जमली. आई म्हणाली, ‘‘भैया, ताली बाद में बजाना, पहले दो दर्जन निकालो.’’ आवाज चढवला नाही. त्यानं बांगड्या काढल्या. पण माझ्या हातात चढवताना त्यानं मुद्दाम तीन फोडल्या, आणि मनगटावर रक्त आलं. आईनं त्या फुटलेल्यांसकट सगळ्यांचे पैसे दिले. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, ‘‘तुला काय गरज होती?’’ ती म्हणाली, ‘‘तुलेच पाहिजे होत्या ना?’’

आता त्या वर्षाचं. मी सोळाची. केस मानेखाली आले होते, घरात मी सलवार-कमीज घालायची. महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी कोठ्या भरून तयार, सोळा भाज्या चिरलेल्या, मुखवटे सुपात गव्हावर ठेवलेले. कनिष्ठेची साडी आईनं नेसवली होती. ज्येष्ठेची हिरवी साडी, लाल काठाची, मी हातात घेतली होती. तेवढ्यात काका-काकू आले. काकू चादर बाजूला सारून आत आली, मला पाहिलं आणि तशीच बाहेर गेली.

बाहेरून तिचा आवाज आला. ‘‘मी या घरचं पाणी घेणार नाही. देवीच्या अंगाला हे हात लावून राहिलं, अन् तुम्ही पाहून राहिले!’’

काकांनी निवाडा करूनच टाकला. ‘‘दादा, एक तर हा बाहेर, नाहीतर महालक्ष्म्या आमच्याकडे. अन् सगळ्यात सोपं म्हणजे तीन दिवस याला कोणाकडे तरी पाठवून द्या. वहिनी, तीनच दिवसाचा तर प्रश्न आहे.’’

वडील काही बोलले नाहीत. मालाबद्दल तासभर बोलणारा माणूस भावापुढे मुका झाला, आणि याबद्दल मी त्यांना कधीच माफ केलं नाही. ते वारले तेव्हाही नाही.

मी चादरीबाहेर आले. खरं सांगते, मला भीती वाटली. घराण्याची देवी माझ्यामुळे घरातून जाणार, म्हणजे जन्मभर प्रत्येक तापाचं, प्रत्येक अपघाताचं कारण मी. मी म्हटलं, ‘‘जाते मी. तीन दिवसच तर आहेत.’’

आईनं माझ्या कानाखाली मारली. जन्मात एकदाच. म्हणाली, ‘‘तू कुठं जाऊन नाही राहिली.’’

मग तिनं सुपातले मुखवटे उचलले, धुतलेल्या पंच्यात गुंडाळले, पेटीत ठेवले आणि पेटी काकांच्या पायाशी आणून ठेवली. ‘‘न्या भाऊजी.’’ काका गडबडले. त्यांना वाटलं होतं आई रडेल, हातापाया पडेल. काकूनं मात्र लगेच कनिष्ठेची साडी सोडून घेतली आणि माझ्या हातातल्या हिरव्या साडीलाही हात घातला. आई म्हणाली, ‘‘ती राहू दे. तुम्ही नवी घ्या.’’ एवढ्याशा साडीवर अडून बसली म्हणून त्या क्षणी मला आईची लाज वाटली. ऑटो आली, आणि सगळ्या क्वार्टरांच्या दारांतून बायका पाहत असताना महालक्ष्म्या आमच्या घरून गेल्या. दुपारी आम्ही तिघं सोळा भाज्या जेवत बसलो. मला एकही घास गोड लागला नाही.

पुढं मला भीती होती तसंच झालं. वडिलांचं ब्लडप्रेशर माझ्यामुळे. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तोही माझ्यामुळे. काकांच्या मुलाला नोकरी लागली ती देवी त्यांच्याकडे गेली म्हणून. नातेवाईक हे सगळं माझ्यासमोर बोलायचे, मी खुर्चीवरची उशी असल्यासारखी. आणि मला त्यांच्यापेक्षा आईचा जास्त राग यायचा. मुखवटे इतक्या मुकाट्यानं उचलून दिले, म्हणजे मला वाचवलं की माझ्या माथी मारलं? एकदा मी विचारलंच, ‘‘तू भांडली काहून नाही त्यांच्याशी?’’

आई म्हणाली, ‘‘भांडलीच तं मी.’’

मला ते पटलं नाही. वडील रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडून जवळच रांझीत दोन खोल्यांच्या घरात आलो. ते गेले. मी लोकांच्या लेकी-सुनांना साड्या नेसवायला लागले. ज्या बायका माझ्या हातचं पाणी घेत नसत, त्या आता पोट आत ओढून माझ्यासमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, निऱ्या तुझ्यासारख्या कोणाला जमत नाहीत. मीही त्यांना हसून दाखवते, पण त्या हसण्यात प्रेम वगैरे काही नाही.

तर काकूचा फोन. संध्याकाळी मी आईला सांगितलं. आई आता ऐंशीची, डोळ्यांनी अंधुक दिसतं. मला वाटलं ती चिडेल. ती पाटावर बसली होती, एकदम सरळ झाली. ‘‘काय म्हणे? नीट सांग, काय म्हणे?’’ तिचा चेहरा असा उजळला की मला काकूचा आणखीच राग आला.

‘‘साड्या नेसवायला ये म्हणे. काका गेल्यापासून तिला होत नाही. मुलगा पुण्यात, सून करत नाही.’’

‘‘फोन लाव.’’

मी लावला, स्पीकरवर ठेवला. ख्यालीखुशाली झाली. मग आईनं विचारलं, ‘‘ही येईन. पण मले सांग, ज्येष्ठेची साडी मग कोण नेसन?’’

काकू म्हणाली, ‘‘सून नेसन ना ताई. तिच्याच नावानं आणली.’’

‘‘अन् हिला?’’

‘‘हिला ब्लाउजपीस देईन ना चांगला. रिकाम्या हातानं थोडीच पाठवीन!’’ आवाजात लबाडी नव्हती. तिला खरंच वाटत होतं की ती मोठ्या मनानं वागते आहे.

आई म्हणाली, ‘‘मग राहू दे.’’ बोटानं चाचपून फोन बंद करायला पाहिला, तिला बटण सापडेना. मी बंद केला.

मग आईनं मला पलंगाखालची पेटी ओढायला सांगितली. तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेली ती हिरवी साडी होती, लाल काठाची. तीस वर्षांत घडी एकदाही मोडलेली नव्हती.

‘‘ही तुझी,’’ आई म्हणाली. ‘‘तेव्हाच ठेवली.’’

माझं डोकं सटकलं. ‘‘तेव्हाच ठेवली तर तेव्हाच काहून नाही दिली? तीस वर्षं मी लोकांच्या साड्या नेसवून राहिली, आणि माझी इथं पेटीत?’’

‘‘देवीला नेसवल्यावर द्यायची होती,’’ आई म्हणाली. ‘‘रीतीनं. मले वाटे, एखाद्या वर्षी तरी म्हणतीन, घेऊन या पोरीला. दर भाद्रपदात वाटे.’’

मला इतकी वर्षं वाटत होतं की देवी देऊन टाकून आई मोकळी झाली. ती मोकळी वगैरे काही झाली नव्हती. ती वाट पाहत बसली होती, आणि मी तिच्याशी भांडत होते.

साडी उलगडली तर घडीघडीवर विरलेली. नेसताना दोन ठिकाणी फाटली. मी रडत होते, काकूवर, वडिलांवर, स्वतःवर चिडून रडत होते, आणि ओल्या बोटांनी निऱ्या घालत होते. आईनं मला जवळ बोलावलं. वाकून तिनं माझ्या निऱ्यांच्या कडा एकेक करून चाचपल्या. शेवटच्या निरीशी तिची बोटं थांबली.

‘‘ही लांब गेली,’’ ती म्हणाली. ‘‘पुन्हा घाल.’’