उशिरा उमटलेली रेघ

कोलकात्यात सॉल्ट लेकला आमच्या बिल्डिंगखाली सकाळी कचऱ्याची गाडी येते. शिट्टी वाजली की डबा खाली न्यायचा, ते काम माझं. मुलगा आणि सून दोघंही सेक्टर फाइव्हला कंपनीत, त्यांची तेव्हा घाई असते. त्या दिवशी बाथरूमचा डबा पिशवीत उपडा केला, तर दिवस गेलेत का ते बघायची पट्टी कागदात गुंडाळलेली बाहेर पडली. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण टीव्हीवरची जाहिरात मला कळते. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. चष्मा लावून पाहिलं. एक ठळक होती. शेजारी दुसरी अगदी पुसट, पण होती.

खाली शिट्टीवाला ओरडत राहिला. माझा पाय उचलेना. मागच्या वर्षी सुनेचं एक पोटातच गेलेलं. तेव्हापासून ती हसते, बोलते, पण कुणाच्या बारशाला जात नाही.

वर आले तर सून पाण्याची बादली उचलायला निघालेली, तशी मी पुढे झाले. "ठेव, मी नेते."

"आई, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघते. आणि आज ऑटोनं जाऊ नकोस, धक्के बसतात."

"मग काय पालखी मागवू?" म्हणाली, आणि गेली ऑटोनंच.

दिवसभर मला बसवेना. घरात पपई होती, ती शेजारणीला देऊन टाकली. खिडकीत जायचं, परत यायचं. हिनं सांगितलं का नाही? मुलाला तरी ठाऊक आहे का? डोकं दुखलं म्हणून ऑफिसात कसली गोळी घेतली तर?

आमच्या वेळी असं लपवायची सोयच नव्हती. लग्न होऊन मी इथं बडाबाजारात आले. नवरा गलाईचं काम करायचा. सराफांच्या दुकानातला केर, राख आणायची, भट्टीत घालायची, तेजाबात उकळायची आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं. एकच खोली. इकडे भट्टी, पडद्यापलीकडे आम्ही. महिन्याला मी बाजूला बसले नाही की सासूला कळायचं, आणि सासूला कळलं की गल्लीतल्या आपल्याकडच्या सगळ्या बायकांना. पाळी जरा लांबली की ती गावी निरोप धाडायची. एकदा तर पेढे वाटले. आणि मग एक दिवस मी पुन्हा कोपऱ्यात. बायका म्हणायच्या, हिच्या पोटात काही ठरत नाही. असं किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही. तेजाबाचा धूर खोलीत भरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण धुराला कुणी कधी बोल लावला नाही. मी उठायची आणि भाकऱ्या थापायची. दुसरं काय करणार? हा मुलगा झाला तो फार उशिरा.

संध्याकाळी सून आली तेव्हा शिरा तयार होता.

"आज काय विशेष?"

मला राहवलं नाही. "मी पट्टी पाहिली, बाळा."

तिनं चमचा खाली ठेवला. "कधी पाहिलीत?"

"कचरा टाकताना."

"आई, मी उठल्या उठल्या पाहिली तेव्हा एकच रेघ होती. लगेच बघायचं असतं ते. नंतर सगळं वाळतं आणि नसलेली रेघ उमटते. ती धरायची नसते."

"म्हणजे नाही?"

"आत्ता तरी नाही. तारीखसुद्धा आलेली नाही माझी. मलाच धीर धरवेना."

शिरा ताटलीत गार होत होता. मला सासूच्या हातातला पेढ्यांचा पुडा दिसायला लागला.

"किती केल्यास अशा?" मी विचारलं.

"या महिन्यात तिसरी."

"उरलेल्या आण इकडे. तारीख उलटून आठवडा होऊ दे. तोवर मागायची नाही."

"आणि मागितली तर?"

"तर भाकऱ्या थापायला बसवीन."

तेव्हा कुठे हसली. पाकीट मी बाजरीच्या डब्यात घातलं. दोन दिवसांनी सून मागायला आलीच. "आई, एकच द्या ना."

"नाही."

"अगदी खाष्ट सासू आहात हं तुम्ही."

"आहेच."

म्हणायला म्हटलं. पण ती बाथरूमला गेली की माझा कान दाराशी. बाहेर आली की तिच्या तोंडाकडे बघायचं आणि लगेच भाजीकडे. तारीख आली, गेली. ती काही बोलेना, मी विचारेना. मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघी भांडलात का?"

आठवडा सरला आणि एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "उठल्यावरची पहिली लघवीच लागते आई. आज द्या."

दिली. बाहेर आली ती पट्टी तळहातावर आडवी धरून, डोळे मिटलेले. "तुम्ही बघा. माझ्यानं होत नाही. पण आत्ताच बघा, नंतर नको."

मागे मुलगा तोंडात ब्रश धरून उभा. मी पाहिलं. चष्मा पदरानं पुसून परत पाहिलं.

"दोन आहेत."

"पुसट?"

"नाही गं. दोन्ही सारख्या."

मुलगा होता तिथंच खाली बसला. तिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "आई, एवढ्यात कुणाला सांगू नका."

"मी कुणाला सांगतेय? आधी डॉक्टरीणबाईंना दाखवून ये."

मला वाटलं होतं, एकदा कळलं की जीव भांड्यात पडेल. कसलं काय. चहाचं आधण ठेवलं आणि त्याच्यापुढे नुसती उभी राहिले. पाणी आटलं तरी पावडर टाकली नव्हती. आतून सुनेनं विचारलं, "आई, चहा?"

"होतोय," म्हटलं, आणि पुन्हा पाणी ओतलं.